इकामा विसरलेला माणूस

बदरुद्दीनची खालची उजवी दाढ रमजानच्या आधीपासून ठणकत होती, आणि ईद होऊन गेली तरी तिचं समाधान झालं नव्हतं. रोजे संपले, शिरखुर्मा संपला, गावाहून कुणाच्या तरी बॅगेतून आलेली लवंगांची पुडीही संपत आली. दाढ मात्र आपल्या जागी ठाण मांडून बसली होती आणि बदरुद्दीनला कुठंच बसू देत नव्हती. गाडीत बसला की उतरावंसं वाटे, उतरला की येरझारा घालाव्याशा वाटत, येरझारा घालून दमला की पुन्हा गाडीत. पाणी गार लागलं तर कळ, चहा गरम लागला तर कळ. जेवण सगळं डाव्या गालात ढकलायचं आणि उजव्या गालाला हाताने धरून ठेवायचं, अशी त्याची सवय झाली होती.

माणूस पन्नाशीचा, म्हसळ्याकडचा, अंगाने सडपातळ, बोलायला गोड. कतीफमध्ये एका सौदी कुटुंबाकडे तो ड्रायव्हर होता. सकाळी नातवंडांना शाळेत सोडायचं, दुपारी आणायचं, मधल्या वेळात घरातल्या म्हाताऱ्या बाईंना, उम्म हसन यांना, मासळीबाजारात, बहिणीकडे नाहीतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. राहायला अंगणाच्या कोपऱ्यातली खोली, तिला स्वतंत्र दार, दाराशी लिंबाचं झाड. घर चांगलं होतं. माणसं वेळेवर पगार देत, ताटातलं जेवण देत, आणि मुलं त्याला "बदर, यल्ला!" म्हणून हाका मारत. कुणीही म्हणावं, नशीब काढलं पठ्ठ्याने.

पण बदरुद्दीन हे कुणाला म्हणूच देत नव्हता, कारण त्याने हे कुणाला सांगितलंच नव्हतं. गावाला, सासरवाडीला, बायकोला आणि कतीफमधल्या झाडून सगळ्या गाववाल्यांना त्याने एकच सांगून ठेवलं होतं, की आपण ट्रान्सपोर्ट कंपनीत आहोत.

याला कारण होतं. त्याच्या गावात परदेशातल्या नोकऱ्यांची एक उतरंड आहे आणि ती मशिदीच्या ओट्यावर बसणाऱ्यांनी रचलेली आहे. वर तेलवाले, खाली ऑफिसवाले, त्याखाली कंपनीवाले, आणि सगळ्यात तळाला घरड्रायव्हर. बदरुद्दीन लहान असताना शेजारचा एकजण असाच घरड्रायव्हर होऊन आला होता. चांगली घड्याळं, चांगली अत्तरं घेऊन आला. तरी ओट्यावरचे लोक त्याला विचारत, "काय रे, बेगमची चप्पल उचललीस की नाय आज?" तो बिचारा हसायचा. ते हसणं बदरुद्दीनच्या डोक्यात बसलं. पुढे स्वतःला तोच व्हिसा मिळाला तेव्हा त्याच्या तोंडून "कंपनी" हा शब्द असा सहज निघाला, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा झाकल्यावर ती उघडायची तरी कशी?

गालाचं सुजणं उम्म हसन यांनी आरशातून पाहिलं. त्या मागे बसलेल्या, हा पुढे गाल धरून.

"बदर, मरकजमध्ये जा," त्या म्हणाल्या. मरकज म्हणजे मोहल्ल्यातला सरकारी दवाखाना. "दातांची डॉक्टर बसते तिथं. तुझा इकामा आमच्या घरावर आहे. घरातल्या कामाच्या माणसाला बघतात ते, पैसे घेत नाहीत. मागे आपल्या स्वयंपाकिणीची दाढ तिथंच काढली."

बदरुद्दीन "हो हो" म्हणाला आणि गेला नाही.

न जाण्याचं कारण त्या दवाखान्यातच होतं. दातांच्या डॉक्टरच्या हाताखाली जी सिस्टर होती ती मराठी होती. कौमुदी तिचं नाव, साताऱ्याची. तिचा नवरा सत्यजित शुक्रवारी मासळीबाजारात यायचा आणि सुरमई कुठली घ्यावी, हे गाववाल्यांना विचारल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. म्हणजे सिस्टरला इकामा, परदेशी माणसाचा तिथं राहण्याचा परवाना, दाखवायचा, तिने त्यावर "घरचा ड्रायव्हर" वाचायचं, ते सत्यजितला कळायचं आणि मासळीबाजारातून ते थेट गाववाल्यांच्या खोलीवर पोचायचं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. सिस्टरला दिवसभरात एवढी तोंडं बघावी लागत, की त्यातल्या एकाचा धंदा नवऱ्याला सांगायला तिला उसंत तरी होती का? पण दाढ दुखत असताना माणूस असा सरळ विचार करत नाही.

गाववाल्यांची ही खोली म्हणजे म्हसळ्याकडच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेली एक जुनी, अंधारी जागा. राहायला तिथं चारपाच जण, पण शुक्रवारी नमाज झाली की सगळे जमत. मोठ्या पातेल्यात माशाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, आणि गप्पा. त्या खोलीचा अघोषित सरपंच होता कादिर. बदरुद्दीनपेक्षा दोनतीन वर्षांनी मोठा, जाड आवाजाचा. बांधकाम कंपनीत फोरमन. त्याच्या हातांवर कायम बारीक ओरखडे असत. साइटवरच्या सळयांचे, असं तो सांगायचा. भाकरी कालवणात बुडवून अगदी मऊ करून खायचा आणि खाता खाता निवाडे द्यायचा. कुणाचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, कसा, कुठल्या विमानाला जास्त सामान चालतं, कुणी गावाला घर आत्ता बांधावं आणि कुणी थांबावं, सगळ्याचे निवाडे.

त्या शुक्रवारी निवाडा बदरुद्दीनच्या गालावर झाला.

"सरकारी दवाखाना आपल्यासाठी नाय," कादिर म्हणाला. "तो सौद्यांचा. आपल्याला कंपनीचा इन्शुरन्स."

"इन्शुरन्स दाताला चालत नाय," बदरुद्दीन घाईने म्हणाला. मुळात इन्शुरन्सच नव्हता, त्यामुळे तो कशाला चालतो, हे त्याला कुठून माहीत असणार?

"मग खासगीत जा."

"बघतो ना."

"बघतोस काय? महिना झाला बघतोयस. कुणीतरी काहीतरी डोक्यात भरवलंय तुझ्या. चल, परवा मी येतो बरोबर. मरकजमध्ये जाऊन तुझ्या डोळ्यांदेखत विचारतो, म्हणजे तुझ्या मनातलं खूळ तरी जाईल."

बदरुद्दीनने नाना सबबी सांगितल्या. ड्यूटी आहे, गाडी सर्व्हिसिंगला आहे, दाढ आता बरी वाटतेय. ही शेवटची सबब सांगताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, म्हणून ती कुणी ऐकली नाही. खोलीवाल्यांचं प्रेमच तसं होतं. एकदा कुणाचं भलं करायचं ठरवलं, की मग त्या माणसाला विचारत बसत नसत.

तर रविवारी दोघं मरकजमध्ये गेले. कादिर पुढे, बदरुद्दीन मागे, रुमालाने अर्धं तोंड झाकून. त्याच्या वरच्या खिशात इकामा होता. त्या कार्डावर त्याचा फोटो होता, नंबर होता आणि धंदा होता, आणि ते कार्ड खिडकीतून आत सरकवलं असतं, तर त्याची दाढ त्याच दिवशी डॉक्टरच्या दिव्याखाली गेली असती. हे त्याला माहीत होतं. खिडकीपर्यंतची ती वाट त्याने छातीवर हात ठेवून कापली. बघणाऱ्याला वाटलं असतं, याला दाढ नव्हे, काळीज दुखतंय.

खिडकीतल्या सौदी कारकुनाने हात पुढे केला. "इकामा."

हात नेमका कादिरच्या दिशेने आला होता. कादिर एकदम मागे सरला. "माझा नाय, माझा नाय. याचा," असं मोडक्या अरबीत म्हणून तो पार दरवाजाजवळ जाऊन उभा राहिला आणि तिथून मोठ्याने मराठीत बोलू लागला, "सांग त्याला, कंपनीचा माणूस हाय म्हणून!"

मराठी ऐकून आतल्या दारातून कौमुदी बाहेर आली. हिरवा गाऊन, तोंडावरून खाली ओढलेला मास्क. मासळीबाजारामुळे कादिर तिच्या ओळखीचा. "अरे, कादिरभाई! आणि हे कोण? बापरे, गाल बघा केवढा सुजलाय. काय झालं भाई?"

"दाढ," बदरुद्दीन म्हणाला.

"किती दिवस? ताप येतो का? तोंड पूर्ण उघडतं? कामाला कुठं आहात तुम्ही?"

आता बघा, प्रश्न साधा होता. सिस्टरचा आवाज मायेचा होता. कादिर दरवाजापाशी, जरा हळू बोललं असतं तर त्याला ऐकूही गेलं नसतं. पण माणसाने इतकी वर्षं एकच उत्तर दिलेलं असलं, की ते उत्तर विचार करायच्या आधीच तोंडात तयार असतं.

"कंपनीत," बदरुद्दीन म्हणाला.

"अच्छा." तिचा चेहरा पडला. "मग भाई, इथं नाही होणार. कंपनीवाल्यांनी कंपनीच्या इन्शुरन्सवर जायचं असतं. इथं नागरिक, सरकारी नोकर, आणि घरकामाच्या व्हिशावरची माणसं, एवढीच घेतात. तरी इकामा द्या बरं एकदा, मी त्यांना विचारून बघते."

बदरुद्दीनने खिशावरचा हात आणखी घट्ट दाबला.

"इकामा... विसरलो."

कौमुदीने त्याच्याकडे पाहिलं. मग त्या हाताकडे पाहिलं. या देशात माणूस चष्मा विसरेल, पाकीट विसरेल, एखादेवेळी बायकोचा वाढदिवसही विसरेल. इकामा विसरून कुणी घराबाहेर पडत नाही. "सूज वाढली, ताप आला, गिळताना त्रास व्हायला लागला, तर सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं," एवढंच ती हळू म्हणाली. "आणि इकामा सापडला तर परत या."

बाहेर आल्यावर कादिरने त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय बोललो होतो? ऐकत नाय तुम्ही लोक." त्याला खरोखर आनंद झाला होता. आपला निवाडा खरा ठरल्याचा आनंद असतो ना, तसा. बदरुद्दीनला मात्र स्वतःचा इतका संताप आला, की क्षणभर दाढ दुखायची थांबली. स्वतःच्या हाताने दार लावून घ्यायचं आणि मग बाहेर उभं राहून कण्हायचं, याला काय म्हणावं?

घरी फोन केला तर त्याची बायको खतीजा म्हणाली, "एवढी मोठी तुमची कंपनी, तिला एक डॉक्टर नाय? साहेबाला बोला ना."

"बोलतो," तो म्हणाला. कुठल्या साहेबाला बोलणार? त्याच्या कंपनीत तो, एक म्हातारी आणि तीन नातवंडं.

मग तीनचार दिवस त्याने औषधाच्या दुकानातल्या गोळ्यांवर काढले. गोळी घेतली की डोकं जड व्हायचं, नाही घेतली की दाढ डोक्यात शिरायची. जेवण नाही, झोप नाही. लिंबाच्या झाडाखाली फेऱ्या घालून घालून तिथली माती पार गुळगुळीत झाली. खासगी दवाखान्याच्या पाटीखाली तो दोनदा गाडी लावून आला. पण पोराच्या इंजिनिअरिंगची फी नुकतीच गेली होती, आणि जे फुकट मिळतंय त्यासाठी केवळ लाजेपोटी पैसे मोजायचे, हेही त्याच्या कोकणी मनाला पटेना. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे दाढ.

गुरुवारी सकाळी तो रीमला शाळेत नेत होता. रीम म्हणजे घरातली सगळ्यात धाकटी नात, नुकतीच शाळेत जाऊ लागलेली. मागच्या सीटवर बसून ती कालच्या मांजरीची गोष्ट सांगत होती. चौकाच्या वळणावर कळ आली. कानाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत कुणी तार ओढावी तशी. बदरुद्दीनने डोळे मिटले. नुसते मिटले, लगेच उघडले, पण तेवढ्यात समोर एक पाण्याचा टँकर उभा होता.

ब्रेक कसा लागला, ते त्याला पुढे कधीच आठवलं नाही. टायर किंचाळले. गाडी टँकरच्या मागच्या लोखंडापासून हातभर अंतरावर थांबली. रीमची पाण्याची बाटली सीटखालून घरंगळत पुढे त्याच्या पायाशी आली. पोरगी पट्ट्यात घट्ट होती, तिला काही झालं नव्हतं. ती रडलीसुद्धा नाही. तिने नुसतं विचारलं, "बदर, तू आजारी आहेस?"

बदरुद्दीनने गाडी कडेला घेतली. स्वतःची मुलगी अफशाँ एवढी होती तेव्हा तो इथंच होता, तिचं शाळेत जाणं त्याने पाहिलंच नव्हतं. ते त्याने पाहिलं ते या पोरांचं. त्यांची बोटं धरून रस्ता ओलांडला, सुटलेल्या बुटांच्या नाड्या बांधल्या. आणि आज एका शब्दाच्या लाजेपायी या पोरीला त्याने कुठं नेऊन आदळलं असतं? त्याला स्वतःची किळस आली. खिडकी उघडून तो लवंगेची थुंकी थुंकला, आणि ती शेवटची.

तिला शाळेत पोचवून, उम्म हसन यांना फोन करून झालेलं सगळं सांगून, तो तसाच मरकजमध्ये गेला. म्हातारी फोनवर भरपूर ओरडली. शेवटी म्हणाली, "आमच्या घरचा माणूस तू, आणि दारात दवाखाना!" त्या "आमच्या घरचा"ने आजवर त्याला नेहमी ओशाळं वाटायचं. आज तसं वाटलं नाही.

खिडकीत त्याने इकामा सरकवला. कौमुदी बाहेर आली, तेव्हा तिने विचारायच्या आधीच तो म्हणाला, "सिस्टर, मी कंपनीत नाय. घरड्रायव्हर हाय. एका घरचा."

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी खिसा असा धरून उभे होतात, जसा काही इकामा उडून जाणार होता. बसा. ताप आहे ना? तोंड उघडा बघू."

"तुम्ही कुणाला..."

"भाई, इथं लोकांच्या तोंडात काय काय असतं, ते बाहेर सांगत बसले तर माझं घर कसं चालेल? उघडा तोंड."

डॉक्टरीणबाईंनी पू काढला, औषधं दिली, आणि सूज उतरल्यावर पुढच्या आठवड्यात बोलावून दाढ काढली. पहिल्यांदा दुखली तेव्हाच आला असता तर वाचवता आली असती, असं त्या म्हणाल्याचं कौमुदीने त्याला मराठीत सांगितलं. त्याला वाईट वाटलं. चांगली मजबूत दाढ होती, लहानपणी नारळाच्या शेंड्या सोललेली. दाताखाली कापूस धरून तो बाहेर आला आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा गाडीत नुसता बसून राहिला. उतरावंसं वाटलं नाही.

आता राहिली खोली.

खोलीवर न जाणं शक्य होतं. जाऊन खोटं सांगणं तर त्याहून सोपं होतं. पण अंगातली तगमग दाढेबरोबर गेली नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं. ती दाढेची नव्हतीच. इतकी वर्षं तो शुक्रवारी घरची ती मोठी गाडी दोन गल्ल्या सोडून लावायचा, मागे पोरीची लहान खुर्ची आणि काचेवर मांजरांची चित्रं चिकटवलेली, म्हणून. त्या शुक्रवारी त्याने ती सरळ खोलीच्या दाराशी लावली.

वर कालवण उकळत होतं. बदरुद्दीनचा गाल उतरलेला बघून सगळ्यांना बरं वाटलं.

"शेवटी गेलास ना खासगीत?" कादिर भाकरी बुडवत म्हणाला. "बघा रे. आपल्याला सरकारी चालत नाय म्हणजे नाय."

"मरकजमध्येच काढली," बदरुद्दीन म्हणाला. "फुकट."

"कशी?"

"मी कंपनीत नाय, कादिरभाई. कधीच नव्हतो. घरावर हाय. पोरं शाळेत सोडतो, म्हातारीला बाजारात नेतो. घरावरच्या माणसाला घेतात तिथं. त्या दिवशी तुझ्यासमोर लाज वाटली, म्हणून खोटं बोललो. वाईट केलं."

पातेल्याचं झाकण तेवढं खडखडत होतं. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे बेगमची चप्पल...", आणि दोघंचौघं हसले. बदरुद्दीनचे कान तापले. "उचलतो की," तो म्हणाला. "म्हातारी हाय, वाकता येत नाय तिला. आईची नसती उचलली?" कुणीतरी त्याच्या ताटात कालवण वाढलं, सुरमईचा मोठा तुकडा काटा काढून ठेवला, आणि गप्पा विमानाच्या सामानावर गेल्या. इतकंच झालं. ज्याला तो अर्धं आयुष्य घाबरला, ते कालवण गार व्हायच्या आत आटपलं. आता ही खबर गावाला पोचायच्या आधी खतीजाला आपणच सांगायची, एवढं त्याने मनाशी ठरवलं.

कादिरने त्यानंतर एकही निवाडा दिला नाही. निवाडा खोटा ठरला म्हणून रागावला असेल, असं बदरुद्दीनला वाटलं. पण तो निघाला तसा कादिरही उठला, चपला घालून त्याच्या मागोमाग खाली आला. गाडीपाशी उभा राहिला. मागची लहान खुर्ची पाहिली, काचेवरची मांजरं पाहिली. उन्हात त्याच्या हातांवरचे ओरखडे लालसर दिसत होते. बदरुद्दीनने उम्म हसन यांच्या घरामागच्या खजुराच्या बागेतल्या माणसाचे हात रोज पाहिलेले होते. लांब काट्यांच्या झावळ्या तोडणाऱ्याचे हात असेच असतात. सळयांचे ओरखडे असे नसतात. हे इतकी वर्षं त्याच्या ध्यानात कसं आलं नाही?

"बदरू," कादिर गाडीच्या टपावर बोट फिरवत म्हणाला. एरवी खोली दणाणून सोडणारा त्याचा आवाज शेजारच्यालाही ऐकू गेला नसता. "ते घरावरचा इकामा बोललास ना... म्हणजे समज, कुणी एखाद्याच्या मळ्यात कामाला असला, कंपनी नाय, एकट्या माणसाच्या नावावर... तर त्याचं पण होतं का रे तिथं? दोन वर्षं दाढा दुखतायत त्याच्या. माझ्या एका ओळखीच्यासाठी विचारतोय."

बदरुद्दीनने त्याच्याकडे पाहिलं. कालवणात भाकरी भिजवून भिजवून खाणारा कादिर त्याच्या डोळ्यांपुढे आला. हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ इतकं भरून आलं, की काढलेल्या दाढेची जागा ओढली गेली. त्याने गाडीचं पुढचं दार उघडून धरलं.

"रविवारी सकाळी पोरं सोडून झाली की मी नेतो त्याला," तो म्हणाला. "फक्त तुझ्या ओळखीच्याला बोल, इकामा विसरू नको."